तारामती झालेले साळुंके आणि आपले ठरलेले किस्से

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ता)

३ मे उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो निरोप येतोच. १९१३ साली याच दिवशी गिरगावात कोरोनेशन थिएटरला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लागला, आणि तारामतीचं काम चक्क हॉटेलातल्या एका आचाऱ्याने केलं होतं! पुढे खो खो हसणारे चार चेहरे.

किस्सा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फाळक्यांना बाई मिळेना. वेश्यावस्तीतूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात नाजूक हातांचे अण्णा साळुंके दिसले. तिथे महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ कबूल केले. स्त्रीभूमिकांसाठी मिशा उतरवा म्हटल्यावर नटमंडळी अडून बसली, कारण बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नसते.

किस्सा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. वैताग याचा की शंभर वर्षं गाडी तिथेच उभी आहे. त्याच घरात सरस्वतीबाई फाळके दागिने देऊन बसल्या होत्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, चित्रणाला उजेड मिळावा म्हणून उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत होत्या. त्यांच्या वाट्याला 'पत्नीची मोलाची साथ' एवढे तीन शब्द. माझं स्पष्ट मत: हे पडद्यामागचे किस्से म्हणजे सिनेमाच्या इतिहासाला लागलेली वाळवी आहे. या, भांडा.

पेठकर

वाळवी? अहो खुर्चीपंत, जरा दमानं. किस्से नसते तर 'राजा हरिश्चंद्र' हे नाव आज स्पर्धा परीक्षेच्या गाइडबाहेर कुणाच्या तोंडी असतं का?

आणि किस्से पसरवणारे पहिले गृहस्थ कोण? खुद्द दादासाहेब! १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच्या हाताने आपली कहाणी लिहून काढली. त्याआधीचं वाटाण्याचं प्रकरण आठवा. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि कोंब फुटून वेल वर चढताना मिनिटाभरात दिसेल अशी फिल्म तयार केली. ती दाखवून तर भांडवल उभं केलं. धंद्यालाही गोष्ट लागते, आणि माणसाला ते पक्कं कळत होतं.

फूटपट्टी

भोकांचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकते ती कडेच्या भोकांच्या आधारावर, आणि त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. सिनेमा साधारण ३७०० फुटांचा. गुणाकार ४,७३,६००. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, दुसरी प्रत काढायची तर पुन्हा तेवढीच भोकं.

आता यावर कुणी हसरा चेहरा टाकून दाखवा.

गिरणगावचा

@फूटपट्टी, आकडा भारी, पण डोळ्यांसमोर बाई सुई घेऊन बसलेल्या येतात. तसं नव्हतं. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्यासोबत भोकं पाडायचं यंत्रही घेऊन आले होते. अर्थात त्याने काम हलकं होत नाही. उजेडाची तिरीप आली की फिल्म गेली, म्हणून सगळं अंधारात बोटांच्या अंदाजाने. भोकांतलं अंतर जरा चुकलं की पडद्यावर राजा थरथरायला लागणार. आमच्या वडिलांनी गिरणीत जन्मभर साचा सांभाळला, त्यामुळे यंत्र होतं म्हणजे सोपं होतं असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

निफाडकर

पहिला सिनेमा तोरण्यांचा 'पुंडलिक'. १८ मे १९१२, त्याच कोरोनेशनला. बाकी चालू द्या.

कोपऱ्यातली खुर्ची

@निफाडकर, ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती, यावर शंभर वेळा रण माजलंय. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

अर्धविराम

मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण निराळं. किस्से फार फिरस्ते असतात. आमचे आजोबा रंगवून सांगायचे: नाटक सुरू होईना, संस्थानिक खवळले, तेव्हा मालक हात जोडून म्हणाले, "सरकार, राणीसाहेबांची दाढी चाललीय." आम्ही पोट धरून हसायचो. पुढे कॉलेजात कळलं की हाच किस्सा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावावर आहे, आणि तिकडे तो १७४० सालीच छापून आलाय! आजोबांचे संस्थानिक कुठले, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ताईसाहेब

पूर्ण असहमत. शाळेत असताना 'तारामती पुरुष होता' हे ऐकलं म्हणूनच मला प्रश्न पडला की मग पहिली बाई कोण. शोधल्यावर सापडल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई. फाळक्यांच्या लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती, मुलगी मोहिनी. या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. तुमची वाळवी मला थेट इथवर घेऊन आली की!

शिवाय जी रिळं उरली आहेत ती तरी पाहिलीत का? सुरुवातीला राजा रोहिताश्वाला धनुर्विद्या शिकवतोय, शेजारी तारामती. तो मुलगा फाळक्यांचाच भालचंद्र. ती रिळं १९१३ ची नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या सिनेमाची आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. आता बोला, हा किस्सा की इतिहास?

कोपऱ्यातली खुर्ची

ताईसाहेब, हा मुद्दा बिनशर्त मान्य. वाळवी शब्द मागे घेतो. मूळ पोस्टमध्ये बदल करता येत नाही, तेव्हा तिथे तसाच राहील.

पण साळुंक्यांचं राहिलंच. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हाच माणूस राम आणि सीता दोन्ही झाला. राम पडद्यावर आला की लोक चपला काढायचे म्हणतात, आणि तोच गडी सीता होऊन अशोकवनात बसलेला. पुढे त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि छायाचित्रणही केलं. हॉटेलातल्या चुलीपासून कॅमेऱ्यापर्यंत! 'सिनेमात काम करतो' म्हणायची चोरी होती, म्हणून फाळके आपल्या माणसांना 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे' असं सांगायला लावायचे, त्या काळातली ही गोष्ट. ग्रुपवरचा निरोप मात्र १५ रुपयांवर संपतो.

पेठकर

म्हणजे शेवटी तुम्हीही किस्साच सांगितलात.

कोपऱ्यातली खुर्ची

सांगितला. आता तो आमच्या ग्रुपवर टाकतो. काका पुन्हा चार चेहरे टाकतील ते टाकतील.