तालीम, कराटे की लाठी? पोरीला नेमकं शिकवायचं काय

जवसाची चटणी
परवा इथं एकानं लिहिलं, "कोल्हापुरात राहून पोरांना कराटे-तायक्वांदोला घालणारे आईबाप पैसे पंचगंगेत सोडतात. तालीम सोडून बाकी सगळं नाचकाम." तीन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

माझी मुलगी पंधराची. तीन वर्षं कराटे, कमरेला हिरवा पट्टा, काता (एकटीनं करायच्या ठरलेल्या हालचाली) बघाल तर डोळे निवतील. गेल्या दिवाळीआधी क्लासवरून येताना, सात वाजले असतील, रंकाळ्याच्या कडेला एका बाईकवाल्यानं गाडी हळू केली आणि तिचं मनगट धरलं. पोरगी थिजली. ब्लॉक नाही, पंच नाही, तोंडातून आवाजसुद्धा नाही. भेळेच्या गाडीवरच्या मावशी ओरडत धावल्या म्हणून तो हात सोडून पळाला. घरी येऊन रडली ती त्या माणसामुळं नाही, "आई, मला काहीच आलं नाही" म्हणून.

क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, सेल्फ डिफेन्स पुढच्या बेल्टला आहे. म्हणजे त्या पोस्टवाल्याचं अर्धं बरोबर आहे आणि तेच मला जास्त लागलं. तीन वर्षांत तिचा हात कुणी खरा जोर लावून धरलाच नव्हता. समोरची मुलगी हळूच धरणार, ही सोडवणार, झालं. आता रोज संध्याकाळी तिचा दादा पूर्ण ताकदीनं धरतो आणि ही त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून काढते, कारण पकड तिथंच कच्ची असते, आणि काढताना ओरडायचंच. पहिले आठ दिवस हात सुटायचा पण आवाज निघायचा नाही. आवाजाचा सराव लागतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, कला कुठलीही घ्या, समोरचा सोडत नसताना सराव होतो का तेवढं बघा. आणि तालीम-तालीम करणाऱ्यांनो, मी दोन तालमींच्या दारातून परत आलेय. दोन्हीकडं एकच, "मुलींची सोय नाही ताई." मग कुठं घालू?

लंगोटबंद
ती पोस्ट माझीच, ताई. पोरीचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही तर माझीच बाजू मांडलीसा की. समोरचा सोडत नसताना सराव, हेच तालमीत रोज चालतंय. पहाटे मातीत उतरलं की कोण ना कोण मानेवर लोंबकळलेलं असतंय, मनगट, मान, कंबर, कुठंच मोकळीक नाही, आणि ते पोरगं तुमच्यावर दया करत नाही. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीवरनं ब्राँझ घेऊन आले ते असल्याच कसावर. तायक्वांदोच्या मॅचला तोंडावर बुक्की चालत नाही, मग रस्त्यावर बुक्की आली की पोरगं हात खाली ठेवून उभं. माझ्या पुतण्याचं दात पडल्यालं बघितलंय मी.

मुलींची सोय नाही हे चूकच आहे. पण तो दोष कुस्तीचा नव्हं, चालवणाऱ्यांचा.

निळा_बेल्ट
भावा, कुस्तीचा नाद नाही करत कुणी. पण कुस्ती पाठ लागली की संपते आणि रस्त्यावर खरी गोष्ट तिथनं सुरू होते. गळा आवळायचा डावच कुस्तीत नाही त्यामुळं पैलवान बिनधास्त मान पुढं देतो. १९९३ ला अमेरिकेत पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची आपसातली स्पर्धा झाली, त्यात ब्राझिलियन जुजुत्सूवाल्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तीन लढती काढल्या आणि तो काय सगळ्यांत दांडगा नव्हता. ह्या जुजुत्सूचा पायाच हा, की वर बसलेल्या जड माणसाखालनं निसटायचं कसं. मुलींना ह्याच्यापेक्षा कामाचं काय असणार? ज्युदो म्हणाल तर २०१० पासून स्पर्धेत पाय धरण्यावर बंदी आणत गेले, म्हणजे तुमचा एकेरी पट, एक पाय धरून पाडायचा डाव, तिथं बाद.

उत्तरेश्वर पेठ
बाळांनो, मी सीबीएस स्टँडच्या मागं चांगला पैलवान गडी मार खाताना बघितलाय. एकाला पट काढून असा आपटला की बघणाऱ्यांनी डोळे मिटले. हा त्याच्या छातीवर बसला आणि त्याच्या दोघा जोडीदारांनी ह्याच्या पाठीत लाथा घातल्या. मॅटवरचं आणि मातीतलं डांबरावर चालत नाही. खाली जायचं नाही, पळायचं. पोरांना आधी पळायला शिकवा, फुकट आहे.

आणि बेल्टच्या परीक्षेच्या फीबद्दल कोण बोलणार? नातवाची दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी वेगळी, सर्टिफिकेट वेगळं, पट्टा वेगळा. नापास झालेलं एक पोरगं मी आजवर बघितलं नाही. परीक्षा म्हणायची कशाला मग ती?

पट्टेकरीण
सगळे जपान-ब्राझील फिरून आलात. ज्या गावात शिवजयंतीला मर्दानी खेळ बघायला चौक भरतो तिथं लाठीचं नाव एकानं काढलं नाही. अकरा वर्षं खेळतेय मी, म्हणून विचारते.

लंगोटबंद
ताई, मर्दानी खेळ बघायला भारीच. पण ते मिरवणुकीचं झालंय. दांडपट्ट्यानं लिंबू कापणं वेगळं आणि अंगावर आलेला माणूस वेगळा. भाजी आणायला जाताना दांडपट्टा कोण नेतंय?

पट्टेकरीण
मिरवणुकीचं? तुम्ही आखाड्यात कधी पाऊल टाकलंय का? लाठीत पहिले कित्येक महिने हातापेक्षा पाय शिकवतात, पवित्रा, अंतर, हूल ओळखणं. समोरचा कुठवर पोचू शकतो हे डोळ्याला कळायला लागतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात लाईट गेलेली, एक माणूस वाट अडवून उभा राहिला. माझ्या हातात लांब दांड्याची छत्री. मी दोन पायऱ्या मागं झाले आणि छत्रीचं टोक त्याच्या छातीच्या रेषेत धरलं. एवढंच. तो पुढं आला नाही. माझ्या हाताला पावसाळाभर छत्री असते, तुमच्या हाताला पट काढायला माणूस अंगाला लागावा लागतो. मला तो अंगाला लागायलाच नको आहे!

निळा_बेल्ट
पण लाठीचे वार ठरलेले असतात ना? वरच्या ताईंचा मुद्दा तोच होता, समोरचा खरा जोर लावत नाही.

पट्टेकरीण
फरी-गदगा माहिती आहे का? एका हातात ढाल, एका हातात चामडं चढवलेली काठी, आणि समोरासमोर खेळायचं. वार ठरलेला नसतो. लागतो. माझ्या डाव्या कोपरावर अजून गाठ आहे. ज्यांनी फक्त चौकातलं प्रदर्शन बघितलंय त्यांनी शिकवू नये.

लंगोटबंद
कोण शिकवतंय? दहा आखाड्यातले किती फरी-गदगा खेळवतात ते सांगा की खरं. आमच्या गल्लीतली पोरं वर्षभर लाठी फिरवतात, समोर माणूस एकदा नाही. उगा परंपरा म्हणून डोक्यावर घेऊ नका.

पट्टेकरीण
तुमच्या तालमीत मुलगी दारातनं परत पाठवतात, माझ्या आखाड्यात अर्ध्या मुली आहेत. परंपरेचं आधी तिकडं बघा.

उत्तरेश्वर पेठ
दोघंही दमानं घ्या. एक महत्त्वाचं राहतंय. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. पण गरजेपुरतीच इजा. हात सोडून तो पळाला आणि तुम्ही मागनं डोक्यात काठी घातली तर कोर्टात उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. हे एका तरी क्लासात सांगतात का?

जवसाची चटणी
काका, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पण बाकीच्यांनो, मी मुलीचं विचारलं आणि तुम्ही परंपरेवर भांडताय. तिची उंची पाच फूट, वजन बेचाळीस किलो, दहावीचं वर्ष, आठवड्यात तीन तास मिळतात. एवढ्यात काय, ते बोला.

निळा_बेल्ट
तीन तासांत खालून निसटायच्या दोन गोष्टी, हात सोडवणं, उठून पळणं. बेल्टबिल्ट विसरा.

लंगोटबंद
वजन बघता बरोबरीची मुलगी जोडीला पाहिजे, नाहीतर तालमीत नुसती दबून राहील. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. आणि पट्टेकरीण ताई, छत्रीचं पटलं. आखाड्यांबद्दल मी म्हटलं ते मागं घेत नाही, पण छत्रीचं पटलं. नाचकाम हा शब्द पोस्टीतनं काढतो.

पट्टेकरीण
सगळ्या आखाड्यांत खेळवत नाहीत हे खरं आहे. मलाही ते खुपतं. चटणी ताई, रविवारी सकाळी मुलीला घेऊन या, आधी नुसतं बघू दे. येताना छत्री आणा.

जवसाची चटणी
तिला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते रविवारी जाऊया, आणि दादालाही घेऊ, तो धरेल.