रेवासाठी छोटा कॅमेरा घ्यावा का?

रेवाची आई (बी-३०४): नमस्कार मंडळी. रेवाच्या शाळेची सहल जानेवारीत भिगवणला जाणार आहे. मोबाइलला बंदी आहे, कॅमेरा चालेल म्हणालेत. माझ्या मावसभावाकडे सोनीचा डब्ल्यू ८३० पडून आहे, साडेचार हजारांत देतोय. घेऊ का? कोणी असले कॅमेरे वापरलेत का?

सी-५०१ दादा: ताई, २०१४ चं मॉडेल आहे ते. व्हिडिओ फक्त ७२०पी, वायफाय नाही. साधा फोनसुद्धा त्याहून बरे फोटो काढतो.

रेवाची आई: अरे पण तिला फोन द्यायचाच नाहीये.

ए-१०२ काका: मग फोनशी तुलना कशाला करायची? मी याच जातीचा, दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा सहा वर्षं वापरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवसाउजेडी या छोट्या कॅमेऱ्यांचे फोटो छानच येतात. डब्ल्यू ८३० ला ८ पट झूम आहे आणि तो भिंगाचा आहे, चित्र ताणून मोठं केलेलं नाही. मात्र पूर्ण झूम केला की भिंग एफ ३.३ वरून ६.३ वर जातं, म्हणजे आत येणारा प्रकाश पाव हिश्शाच्या आसपास उरतो. उन्हात काही जाणवत नाही. हॉलमध्ये जाणवतं. नातीच्या गॅदरिंगला मी दहाव्या रांगेतून पूर्ण झूम करून तिचा नाच टिपला. वीसात दोन फोटो धड आले. बाकी सगळ्यांत तिचे हात म्हणजे नुसते पांढरे फराटे.

डी-२०२ वहिनी: फ्लॅश असतो ना काका?

ए-१०२ काका: असतो, पण तो पोचतो दोन-तीन मीटर. स्टेजपर्यंत जातच नाही, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. घरात मात्र फार कामाचा. फोनचा एलईडी मंद जळत राहतो, हा झेनॉन वायूचा फ्लॅश क्षणभर लखकन चमकतो. केक कापताना हलणारा हातसुद्धा स्वच्छ येतो.

आणि रेवाला भिगवणचं आधीच सांगून ठेवा. उजनी धरणाच्या पाण्यात लांब उभे असलेले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) या झूममध्ये बोटभरसुद्धा दिसणार नाहीत. अख्खा थवा, होडी, पाण्यावरचा उजेड हे सगळं सुरेख येईल. एकट्या पक्ष्याचा फोटो मिळेल या आशेवर गेली तर हिरमुसून परत येईल पोरगी.

सी-५०१ दादा: मग नवाच का नको? कोडॅक पिक्सप्रो एफझेड ५५ आहे की. १६ मेगापिक्सेल, ५ पट झूम, व्हिडिओ १०८०पी. नाव कोडॅकचं, बनवते जेके इमेजिंग.

रेवाची आई: बजेटबाहेर जातंय रे. पहिलाच कॅमेरा, त्यात हात दहा वर्षांच्या मुलीचा.

डी-२०२ वहिनी: स्वस्तात नवा म्हणून ऑनलाइन काही मागवू नका हं. भाच्यासाठी आणला होता, खोक्यावर ४८ मेगापिक्सेल आणि १६ पट झूम. भिंग जागचं हलतसुद्धा नाही, झूम सगळा डिजिटल. बाहुलीच्या डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. मूल किती खट्टू होतं! त्यापेक्षा वापरलेला चांगला कॅमेरा कधीही बरा.

ए-१०२ काका: अगदी बरोबर. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. ४ बाय ६ इंची प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात.

जुना घेताना भिंग नीट तपासा. दहा वेळा चालू-बंद करा, दर वेळी न अडखळता बाहेर यायला हवं आणि आत जायला हवं. आमच्या कॅमेऱ्यात मुरूडच्या किनाऱ्यावर वाळूचा कण शिरला. भिंग अर्धं बाहेर यायचं, करकर वाजायचं आणि तिथेच थांबायचं. दुरुस्तीला जेवढे सांगितले तेवढ्यात दुसरा जुना कॅमेरा आला असता. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. बॅटरी काढून टेबलावर ठेवा, फुगलेली असेल तर सपाट बसत नाही. चार्जिंगला सुमारे २१० फोटो हा नव्या बॅटरीचा हिशेब, जुनीचे निम्मे धरा. मूळ केबल मागून घ्या. नवी बॅटरी घालायची वेळ आली तर तेवढे पैसे भावाला कमी करायला सांगा.

सी-५०१ दादा: फोटो फोनवर घ्यायला कार्ड रीडर लागेल ताई.

रेवाची आई: ते चालेल. सहलीहून आली की टीव्हीला लावून सगळे मिळून बघू. तिच्या आजीला फोनवर काही दिसतच नाही. भाऊ रविवारी कॅमेरा घेऊन येतोय. काका, एकदा बघाल का?

ए-१०२ काका: नक्की. सकाळी दहाला खाली बागेत आणा, तिथे उजेड चांगला असतो. कार्ड आणि रीडर मी आणतो. रेवालाही घेऊन या. आधी दोरी मनगटात घालायची, मग कॅमेरा हातात घ्यायचा, एवढं तिला शिकवतो आणि पहिले फोटो तिलाच काढू देऊ.