आईचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: इंग्रजी येत नाही, मध्ये एक लांब भारतवारीही आहे

वेदवती_एडिसन
आईचं वय ५७, ग्रीन कार्ड मार्च २०१० चं. इंग्रजी थोडंफार कळतं, बोलता येत नाही. १० नोव्हेंबर २०२२ ला सांगलीला गेली ती २ जून २०२३ ला परतली. बाकीच्या फेऱ्या दोन-अडीच महिन्यांच्या. एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) आत्ता भरावा का? आणि नागरिकत्व बदललं की तिच्या नावावरची वडिलोपार्जित शेतजमीन जाते का?

हडसनकाठ
इंग्रजीची काळजी सोडा. अर्ज भरायच्या दिवशी वय ५५ आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं पूर्ण असतील तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट आहे. नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र द्यावीच लागते, ती मराठीतून देता येते. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की थांबतात, ९ चुकले तरी थांबतात. नापास झालं तर ६० ते ९० दिवसांत आणखी एक संधी मिळते.

मुलाखतीला दुभाषा आपणच न्यायचा. तुम्ही स्वतः बसाल असं गृहीत धरू नका. घरच्या माणसाला बसू द्यायचं की नाही हे अधिकारी ठरवतो. जी-१२५६ या दुभाष्यासाठीच्या फॉर्मवरची सही अधिकाऱ्यासमोरच करायची, घरून करून न्यायची नाही.

तयारी करून घेताना शब्द सांभाळा. ‘काँग्रेस’ म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यापुढे पक्ष उभा राहतो. इथे ती सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून बनलेली संसद, हे आईंच्या मनात आधीच पक्कं बसू द्या. दुभाष्याने ऐन वेळी समजावून सांगितलेलं चालत नाही. प्रश्न जेवढा आहे तेवढाच त्याने मराठीत सांगायचा.

मोजपट्टी
वेदवतीताई, खरी अडचण सांगलीची फेरी आहे. ती २०४ दिवसांची झाली. गैरहजेरी सहा महिन्यांच्या वर पण वर्षाच्या आत असेल, तर अर्जाआधीच्या पाच वर्षांत लागणारं सलग वास्तव्य तुटलं असं धरून चालतात आणि तुटलं नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं असतं. त्या काळात बाबा इथेच होते का, घराचं भाडं किंवा हप्ता चालू होता का, टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून भरला का, हे कागदांनी दाखवा. आजारपणामुळे मुक्काम लांबला असेल तर डॉक्टरांची कागदपत्रं जोडा. रीएन्ट्री परमिट (लांब मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना) होतं म्हणून ही अट सुटत नाही, इथे पुष्कळ जण फसतात.

कागद कच्चे असतील तर ३ डिसेंबर २०२७ पर्यंत थांबा, म्हणजे परतल्यापासून साडेचार वर्षं आणि एक दिवस. त्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजली की या फेरीचा सहा महिन्यांहून कमी भाग त्यात येतो. ऑनलाइन फी ७१० डॉलर आहे, अर्ज नामंजूर झाला तर ती परत मिळत नाही. मी तरी थांबायला सांगेन.

पाच वर्षांत एकूण किमान ९१३ दिवस इथे हवेत. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून तारखा भरा, आठवणीवर नको.

वेदवती_एडिसन
बाबा इथेच होते, जॉइंट रिटर्न आहे, घराचे हप्तेही सुरू होते.

मोजपट्टी
मग बाजू बरीच भक्कम आहे. भरण्याआधी त्या वर्षांचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा) काढून इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा दाखवा.

सातबारा_ओसीआय
जमीन जात नाही. शेतजमीन नव्याने विकत घेता येणार नाही, पण ती बंदी अनिवासी भारतीयांनाही आहेच. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं (१९५५ चा कायदा, कलम ९). मग अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड), या क्रमाने चला. हे होईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका.

एन-४०० मध्ये नाव बदलायची सोय आहे, तिला हात लावू नका. आईंच्या नावात बाबांचं नाव जोडलेलं असेल आणि ‘लांबलचक होतं’ म्हणून ते गाळलंत, तर सातबारा, पॅन, बँक, प्रत्येक ठिकाणी ‘ही आणि ती एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र देत बसावं लागेल.