मुंबईत लोकल, मेट्रो, बस नेमकं कोण चालवतं? एकच पास का नाही?

परभणीकर: लहान भावाला अंधेरीत नोकरी लागलीय, राहणार डोंबिवलीला मामाकडं. मागच्या आठवड्यात देवगिरीनं जाऊन रस्ता बघून आलो. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो, अन् तिकीट दोन्हीकडं वेगळं. आपल्याकडं एसटी म्हणलं की परभणीहून पुण्याला जा नाहीतर नागपूरला, महामंडळ एकच. इथं कोण कुणाचं तेच समजंना गेलंय. त्याच्या महिन्याचा हिशोब बसवायचाय, नीट सांगा कुणीतरी.

लातूरचा, सध्या ठाणे: भाऊ, मुंबईत एक मालक नाहीच. लोकल रेल्वेची, त्यातबी डोंबिवलीकडची मध्य रेल्वे अन् चर्चगेट-विरारची पश्चिम. बसचंबी तसंच, बेस्ट मुंबई महापालिकेची, ठाण्याची टीएमटी वेगळी, नवी मुंबईची एनएमएमटी वेगळी. मेट्रोतबी तेच, तुमची घाटकोपर-वर्सोवा 2014 ला खाजगी भागीदारीतून सुरू झाली, 2ए आणि 7 नंबरच्या मेट्रो एमएमआरडीएच्या, म्हणजे सरकारच्या मुंबई महानगर विकास प्राधिकरणाच्या कंपनीकडं, आरे-कफ परेडची भुयारी 3 नंबर तिसऱ्याच कंपनीची. ज्याची गाडी त्याचा गल्ला, म्हणून लोकलचा पास मेट्रोच्या गेटला चालत नाही.
अन् भावाला एक नक्की सांगा, परतताना घाटकोपरला फलाटावरच्या इंडिकेटरवर पहिलं अक्षर बघायचं. एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा, नुसतं टी असलं तर ती ठाण्यालाच संपती, डोंबिवलीला जात नाही. नवीन माणूस एस बघून स्लो, म्हणजे सगळीकडं थांबणारी समजतो.

जालन्याची: बेस्टचं मी सांगते, माझा चुलतभाऊ तिथं ड्रायव्हर आहे पण बेस्टच्या नोकरीत नाही. त्याच्या बसवर नाव बेस्टचं, गाडी अन् ड्रायव्हर कंत्राटदाराचे, बेस्ट त्याला किलोमीटरमागं पैसे देते. रूट, टायमिंग, भाडं बेस्ट ठरवते. कमीत कमी तिकीट मे 2025 पर्यंत 5 रुपये होतं, आता साध्या बसला 10. एकदा त्याच्या कंत्राटदारानं पगार थकवला तर पोरं कामावरच गेली नाहीत. स्टॉपवर लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला यातलं काय माहीत, तिला बस आली नाही एवढंच दिसतं. फार वाईट वाटतं.

लातूरचा, सध्या ठाणे: ताई म्हणतात ते खरंय. भाऊ, ऑक्टोबर 2025 पासून मुंबई वन ॲप आलंय, लोकल, मेट्रो, बेस्ट धरून 11 संस्थांची तिकिटं त्यात निघतात. रोजच्या लोकलला मात्र रेल्वेचा पासच काढा, सुट्या तिकिटापेक्षा लई स्वस्त पडतो.

परभणीकर: दादा, ताई, आभार. डोंबिवली-घाटकोपरचा तीन महिन्यांचा पास काढतो, मेट्रोचं वेगळं धरतो. एस, एन, टी आज रात्रीच भावाकडून पाठ करून घेतो.