जुन्या बुलेटचं हँडल मधोमध अडकतं: कोनसेट (हँडलच्या सांध्यातलं बेअरिंग) बदलू की फोर्क पाइप?

प्रश्न
सत्तरच्या दशकातली बुलेट ३५० आहे, वडिलांची. वळणातून सरळ येताना हँडल मधोमध खळग्यात बसल्यासारखं अडकतं. चाळीसच्या आसपास वेग गेला की थरथरतंही. शिवाय एका फोर्कमधून (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी एकातून) तेल गळून ब्रेकच्या ड्रमपर्यंत उतरतंय. मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंगचा नट आवळू आणि पाइप वाकलेले दिसतात, नवीन टाकू. मला जमेल तितके मूळ भाग ठेवायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आधी टायरची हवा, चाकाचे बेअरिंग आणि ढिल्या ताडी (चाकाचे आरे) बघून घ्या. थरथर तिथूनही येते.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण मधोमध अडकणं हवेमुळे होत नाही. नट अजिबात आवळू देऊ नका.

गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे दणके कोनसेटमधले छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) त्याच त्याच जागी झेलतात आणि रेसमध्ये, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्यांमध्ये, खळगे पडतात. नट आवळला की छर्रे त्या खळग्यांत आणखी घट्ट रुततात. थरथर दबल्यासारखी वाटेल, पण गाडी सरळ रेषेत राहणार नाही, सारखी इकडून तिकडे झुकत राहील. मला ही अवस्था थरथरीपेक्षा धोक्याची वाटते, कारण ऐन वेळी हँडल हाताचं ऐकत नाही.

खात्री करायला गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळू फिरवून मधोमध अडकतं का बघा. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे ओढा. हे करताना दुसऱ्या कुणाला तरी हँडलच्या खालच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. फोर्कचे बुश (पाइप ज्यांवर सरकतो त्या आतल्या बाही) झिजले असले तरी ओढणाऱ्याला अगदी तसाच खटका लागतो. सांध्यावरच्या बोटाला तो जाणवला तरच दोष कोनसेटचा.

उघडताना खाली जुनी चादर अंथरा, छर्रे सुटे असतात. वरचे आणि खालचे वेगवेगळे मोजून ठेवा. कप, कोन (छर्रे ज्यांच्यामध्ये बसतात त्या कड्या), छर्रे सगळं एकदम बदला, जुन्या कपात नवे छर्रे घालणं म्हणजे मेहनत वाया. कप हातोडीने ठोकू नका, तिरका बसतो. लांब बोल्ट आणि जाड वॉशर लावून ओढून बसवा. रेस भरल्यावर थोडी जागा मोकळी राहते, म्हणून त्यात आणखी एक छर्रा कोंबायचा नाही, नाहीतर ते एकमेकांवर घासतात. शेवटी नट एवढाच, की खटका शून्य आणि हँडल मधून जरा ढकललं की आपल्या वजनाने बाजूला पडेल.

पाइपांबद्दल: ‘वाकलेले दिसतात’ एवढ्यावर काही विकत घेऊ नका. सरळ पाइपसुद्धा खालच्या टीमध्ये (दोन्ही पाइप धरणाऱ्या आडव्या भागात) पीळ पडला की वाकडे दिसतात. काढून जाड काचेवर गडगडवा, खालची फट कमीजास्त होते का बघा. हलका बाक प्रेसवर काढता येतो. चुणी पडली असेल तर मात्र तो पाइप भंगारात. आणि बुलेटमध्ये हेडलाइटचं घरच फोर्कच्या वरच्या ब्रॅकेटचं काम करतं. ते ॲल्युमिनियमचं ओतकाम आहे, त्यावर हातोडा चालवू देऊ नका.

प्रश्नकर्ता
खळगे स्पष्ट दिसले, खालच्या रेसमध्ये जास्त. पाइप काचेवर दोन्ही सरळ. पण गळणाऱ्या पाइपवर गंजाचे बारीक खड्डे आहेत. नुसतं सील बदलून चालेल?

प्रतिसाद २
खड्डे कुठे आहेत त्यावर ठरेल. सील कधीच पोचत नाही अशा जागी असतील तर सोडून द्या. सील जिथे वरखाली सरकतं तिथे असतील तर नवं सीलही लवकरच फाटेल. खड्डे अगदी बारीक असतील तर बारीक पॉलिश पेपरला तेल लावून कडा मारून बघा, नाहीतर पाइप ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या. मूळ पाइप वाचवायचा हाच मार्ग. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दोन्ही फोर्कमध्ये तेल मोजून सारखं भरा.

बसवताना खालच्या टीचे क्लॅम्प आणि एक्सल शेवटचे आवळायच्या आधी चाक जमिनीला टेकवून फोर्क जोरात दाबत राहा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. नुसत्या या एका कामाने पीळ निघालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आणि ड्रम आजच उघडा. लायनरला (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांना) तेल लागलं असेल तर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, नवे घाला. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.