एलईडी मासेमारी: आमदारांना पत्रं द्यायची की नाही?

न्हयकर:
डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन. त्याआधी पालघर ते सिंधुदुर्ग, प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आपल्या आमदाराला पत्र द्यावं. नुसतं ‘एलईडी बंद करा’ लिहू नका. प्रखर दिव्यांच्या झोताने मासे गोळा करून पकडायची ही पद्धत कायद्याने बंदच आहे आणि राज्याच्या सागरी मासेमारी कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीत ५ ते २० लाख रुपये दंडही आहे. आकडे मागा: गेल्या दोन हंगामांत जिल्ह्यात किती नौका अवरुद्ध केल्या, किती प्रकरणांचा निकाल लागला, दंड लावला किती, वसूल झाला किती, आणि गस्तीनौका किती रात्री समुद्रात होती. शेवटचा प्रश्न गाळू नका, नाहीतर ‘गस्त सुरू आहे’ एवढ्यावर उत्तर संपतं.

पत्र एका पानाचं, विषय एकच. वर सोसायटीचा ठराव क्रमांक आणि सभासदसंख्या. हातोहात द्या, पोच घ्या. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी जाते, त्यामुळे नागपुरात मोर्चा नेऊन दिलेलं निवेदन प्रश्नासाठी उशिराचं ठरतं. फार तर तातडीच्या विषयावरची लक्षवेधी सूचना लागते. प्रश्नावर एकापेक्षा जास्त आमदारांच्या सह्या असू शकतात. सातही किनारी जिल्ह्यांनी मजकूर एकच ठेवला तर विभागाला टाळणं जड जाईल.

पाचवाव:
मला हे पटत नाही. आमदाराचं पत्र मंत्र्यांकडे, तिथून आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला, आणि परत ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’. तोवर मासळी गेलेली असते. हेच आकडे माहिती अधिकारात ३० दिवसांत मिळतात: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, अर्ज १५० शब्दांच्या आत.

खरी गळती पुराव्यात आहे. रात्री लांबून दिव्यांचा झोत दिसतो, नोंदणी क्रमांक दिसत नाही. त्यातही दिवे लावणारी नौका वेगळी आणि जाळं मारणारी वेगळी असली की दोघीही हात वर करतात. पंचनाम्यात अक्षांश-रेखांश आणि वेळ नसेल तर ‘आम्ही १२ सागरी मैलांच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या बाहेर होतो’ हा बचाव टिकतो. म्हणून तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) जीपीएसच्या पडद्याचा आणि दिव्यांचा फोटो लागोपाठ घ्यावा, आणि सकाळी तेच जनरेटर नि दिवे बंदरात डेकवर असतानाचा, क्रमांकासह. अशी तक्रार सुनावणीत उभी राहते. २०२१पासून सुनावणी तहसीलदारांकडे नाही, मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आहे. जोर तिथे लावा.

पर्ससीनवाला:
एक गोष्ट दोघांनीही सोडली. पर्ससीन (मासळीच्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी एकाच दोरीत बांधू नका. २०१६च्या अधिसूचनेप्रमाणे परवानाधारक पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर मुभा आहे. १२ मैलांपलीकडची मासेमारी केंद्राचा विषय. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये त्या हद्दीबाहेर पर्ससीनला आठवड्यातून दोन दिवसांची अंतरिम परवानगी दिली होती. ‘पर्ससीन पूर्ण बंद’ अशी पत्रं गेली तर आमदार हद्दीचं कारण सांगून मोकळे होतील. पर्ससीनवरचे खलाशीही मतदारच आहेत, हेही त्यांना कळतं.

न्हयकर:
पर्ससीन वेगळी ठेवायची, हे मान्य. हद्दीचं मात्र अर्धंच खरं. एलईडीला केंद्राने २०१७मध्ये १२ मैलांबाहेरही बंदी घातली आहे. शिवाय नौका कुठेही मासे मारो, उतरते आपल्याच बंदरात. परवाना आणि डिझेलवरचा कर परतावा राज्याच्या हातात आहे. दोषी ठरलेल्या किती नौकांचा परतावा थांबवला, हे सभागृहात विचारता येतं आणि त्याला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. माहिती अधिकारात कागद मिळेल, धोरण बदलणार नाही. पाचवाव यांचे फोटो पत्राला जोडले तर दोन्ही कामं एकदम होतात.

पाचवाव:
परताव्याचा मुद्दा जोरदार आहे, पण तो आपल्याच दारात येतो. डिझेल परताव्याचे प्रस्ताव सोसायट्यांमार्फतच जातात. काही एलईडीवाले आपल्याच सोसायट्यांचे सभासद आहेत. त्यांची शिफारस चालू ठेवून आमदाराला पत्र दिलं, तर पहिला उलट प्रश्न तोच येणार. आधी सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: एलईडीत दोषी ठरलेल्या नौकेच्या डिझेलची शिफारस सोसायटी करणार नाही. पत्राच्या डोक्यावर टाकायचा तो ठराव क्रमांक हाच असू दे. तसं झालं तर सही माझीही घ्या.