चित्रलिपी, कार्तूश आणि काडतूस

सहावीच्या चित्रकलेच्या तासाला सध्या प्राचीन इजिप्तचं लेखन घेतेय. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद तयार आहेत, तेलखडू आहेत, पोरांचा उत्साह तर विचारूच नका. अडलंय ते शब्दांपाशी.

'हायरोग्लिफ'ला आपण सर्रास 'चित्रलिपी' म्हणतो. मीही म्हटलं आणि तिथंच घोळ झाला. फळ्यावर नमुन्यादाखल 'मीनल' हे नाव लिहिलं आणि विचारलं, याचं काय काढाल? अर्धा वर्ग ओरडला, "मासा!" मीन म्हणजे मासा, चित्रलिपी म्हणजे माशाचं चित्र, विषय संपला. मी म्हणते, यात चूक पोरांची नाही, शब्दाची आहे. कारण काढायचं असतं ते असं: घुबड म्हणजे म, बोरूची दोन पाती म्हणजे य किंवा ई, पाण्याची नागमोडी रेघ म्हणजे न, बसलेला सिंह म्हणजे ल. आणि शेवटी बसलेली बाई. ती वाचायची नाही, हे बाईचं नाव आहे एवढंच ओळखायचं. आपल्या 'कु.'सारखं, फक्त नावामागे आणि बिनआवाजाचं.

तर 'चित्रलिपी'ला दुसरा बरा शब्द आहे का? आणि राजाचं नाव ज्या लांबट कड्यात लिहीत त्या 'कार्तूश'ला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, तुमच्या वर्गाला फार थोर सोबत आहे. 17व्या शतकात किर्चर नावाच्या जेझुइट पंडितानं हेच केलं. प्रत्येक चित्रात गूढ तत्त्वज्ञान शोधत बसला आणि सगळंच चुकलं. शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकानं 1822 मध्ये कोडं सोडवलं ते चित्रांत आवाज ऐकून. 1799 मध्ये सापडलेल्या, तोच मजकूर ग्रीकमध्येही असलेल्या रोझेटा शिळेवर टॉलेमी राजाचं नाव आहे, दुसऱ्या एका स्तंभावर क्लिओपात्रा राणीचं. टॉलेमीच्या नावात सिंह चौथा, क्लिओपात्राच्या नावात दुसरा. दोन्हीकडे तो नुसता 'ल'. राजाच्या नावात सिंह पाहून कुणालाही पराक्रम आठवेल, इथं त्याचा काही संबंध नाही.

शब्दाचं म्हणाल तर 'हायरोग्लिफ'चा ग्रीक अर्थ 'पवित्र कोरीव' असा. इजिप्शियन लोक 'देवाची वाणी' अशा अर्थाचं नाव वापरत. म्हणून 'पवित्रलिपी' सुचवतो.

प्रतिसाद

'पवित्रलिपी' नको हो, सोवळ्यातली वाटते! पोरं हात धुऊन बसतील. शिवाय रोजचे हिशेब, पत्रं हे लोक लपेटीच्या हायरॅटिकमध्ये लिहीत. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी, तसंच काहीसं.

माझ्या मते 'चित्रलिपी' ठेवा, फक्त समास नीट सोडवा. 'चित्र हाच अर्थ' असा नाही, 'चित्रांनी लिहिलेली लिपी' असा. हे मुलांना पटवायला मराठीच वापरा. फुलांची माळ काढा. इजिप्शियन लेखनात स्वर लिहीत नसत, म्हणून माळेचे फक्त म आणि ळ घ्यायचे. आता हे माळ असेल, मूळ असेल, मुळा, मेळा, मोळी, माळी, काहीही. शेजारी माणूस काढला की माळी, भाजी काढली की मुळा, गर्दी काढली की मेळा. अशा शेजारच्या चित्राला पुस्तकात 'निर्धारक' म्हणतात. वर्गात 'खूणचित्र' चालेल.

प्रतिसाद

'खूणचित्र' झकास. एक पुस्ती जोडतो: दिशा सांगायला विसरू नका. घुबड, सिंह ज्या बाजूला तोंड करून बसलेत, तिकडून वाचायला सुरुवात करायची. अर्धी पोरं चित्रं डावीकडे बघणारी काढतील, अर्धी उजवीकडे, आणि एकाच नावात दोन्ही आली की वाचणाऱ्याचं काही खरं नाही.

कार्तूशबद्दल. मूळ इजिप्शियन शब्दात 'वेढणे'चा अर्थ आहे आणि आकृती म्हणजे गाठ मारलेला दोर. 'नाममुद्रा' म्हणू नका, मुद्रा म्हटलं की शिक्का डोळ्यांपुढे येतो. 'नामवेढा' म्हणा. पण गंमत बघा, कार्तूश हा फ्रेंच शब्द बंदुकीच्या बारासाठीचा. नेपोलियनच्या सैनिकांना तो आकार आपल्या काडतुसांसारखा दिसला, असं सांगतात. आणि आपलं 'काडतूस' त्याच घराण्यातलं, पोर्तुगीजांच्या वाटेनं आलेलं. म्हणजे मराठी प्रतिशब्द आपल्याकडे केव्हाचा पडून आहे, फक्त बंदुकीत.

प्रतिसाद

कार्तूश राजाराण्यांच्या नावांसाठी असे, सरसकट कुणाच्याही नाही, एवढं मात्र मुलांना सांगावं. नाहीतर इजिप्तमधल्या कुंभारालाही ते मिळे असं त्यांना वाटायचं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. माळेचा खेळ आजच घेतला. माळेशेजारी झोपडी काढून एकानं 'माळा' वाचायला लावलं, तर मागच्या बाकावरून 'मळा' आलं. त्यावर तासाची घंटा होईपर्यंत भांडण, म्हणजे लिपी पोचली म्हणायची. राजाराण्यांचंही सांगितलं, तर प्रत्येकानं आपण राजाच असल्याचं जाहीर केलं.

'चित्रलिपी' ठेवतेय. 'नामवेढा' फळ्यावर लिहिला होता, पण चुकून दुसराही शब्द सांगून बसले. आता मुख्याध्यापिका दारात उभ्या आणि आतून आवाज, "बाई, माझं काडतूस अजून ओलं आहे!"